'वी आर नाउ ॲट टेक-ऑफ': एका फ्रेझल व्हर्बचं प्रकरण

२७ मार्च १९७७, रविवार. स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या तेनेरीफचा लोस रोदेओस विमानतळ. ग्रीनिच वेळेनुसार संध्याकाळचे ५ वाजून ६ मिनिटं. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएम या डच कंपनीचं बोइंग ७४७ उभं आहे, त्याच धावपट्टीवर समोरून पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं ७४७ हळूहळू पुढे येतं आहे. मधे दाट ढग, त्यामुळे दोघांना एकमेकांची विमानं दिसत नाहीत. केएलएमचा सहवैमानिक रेडिओवर नियंत्रण टॉवरला मार्गाची परवानगी परत वाचून दाखवतो आणि शेवटी एक छोटं वाक्य जोडतो: "वी आर नाउ ॲट टेक-ऑफ."

अर्ध्या मिनिटात दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात याहून जास्त माणसं आजवर दगावलेली नाहीत.

या अपघाताबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बहुतेक लिखाण विमानाच्या अंगाने. मी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे मला हे प्रकरण 'टेक ऑफ' या दोन शब्दांच्या अंगाने मांडायचं आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'टेक ऑफ म्हणजे उड्डाण करणे' असं पाठ करतो आणि काम झालं असं समजतो. अर्थ बरोबरच आहे. पण फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि छोटं अव्यय मिळून झालेली अशी जोडी, चुकतो तो बहुतेक वेळा अर्थात नाही, वाक्यातल्या बांधणीत: त्याचं नाम झालं का, काळ कुठे गेला, पुढे-मागे कुठलं अव्यय लागलं. लोस रोदेओसला नेमकं तेच झालं. आणि बोलणाऱ्याचं इंग्रजी कच्चं होतं म्हणून झालं, असंही नाही.

त्या दिवशी तिथे इतकी विमानं का होती

दोन्ही विमानं तेनेरीफला जाणार नव्हती. दोघांनाही शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरच्या लास पाल्मासला उतरायचं होतं. केएलएमची ४८०५ ही चार्टर फ्लाइट ॲमस्टरडॅमच्या स्खिपोलहून सुट्टीचे प्रवासी घेऊन आली होती. पॅन ॲमची १७३६ लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कमार्गे आली होती, तिच्यातल्या बहुतेकांना लास पाल्मासहून क्रूझवर जायचं होतं. दुपारी लास पाल्मासच्या टर्मिनलमध्ये कॅनरी बेटांच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका गटाने बॉम्बस्फोट घडवला, दुसरा बॉम्ब असल्याची धमकी आली आणि विमानतळ बंद झाला. सगळी विमानं लोस रोदेओसकडे वळवण्यात आली.

लोस रोदेओस समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच, डोंगरांच्या बेचक्यात. तिथे धुकं येतं म्हणतात ते खरं तर वाहत आलेले ढग असतात, त्यामुळे दृश्यमानता काही मिनिटांत पडते. एकच धावपट्टी, बाजूला एक टॅक्सीवे, म्हणजे विमानांची जमिनीवरून ये-जा करायची वाट. वळवलेल्या विमानांनी तो टॅक्सीवे भरून गेला. त्यामुळे निघणाऱ्या विमानाला धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथे वळून उड्डाण घ्यायचं, एवढाच मार्ग उरला. टॉवरमध्ये जमिनीवरचं रडार नव्हतं. विमान कुठे आहे हे कळायचं ते फक्त वैमानिकाच्या शब्दांवरून.

हा मुद्दा पुढच्या सगळ्याचा पाया आहे. ढग उतरल्यावर त्या विमानतळावर डोळ्यांचं काम कानांवर आलं होतं.

लास पाल्मास पुन्हा उघडलं, तेव्हा केएलएमने इंधन भरायला घेतलं होतं. पॅन ॲमचं विमान मागे अडकलेलं, बाजूने जायला जागा नाही. इंधन भरून झाल्यावर केएलएम निघालं, धावपट्टीवरून शेवटपर्यंत गेलं आणि वळून उभं राहिलं. पॅन ॲमला त्याच्या मागोमाग धावपट्टीवर येऊन डावीकडच्या तिसऱ्या फाट्यातून बाहेर पडायला सांगितलं होतं. इथेही शब्दांची ओढाताण झाली. नियंत्रकाच्या स्पॅनिश उच्चारातलं 'थर्ड' पॅन ॲमच्या कॉकपिटला 'फर्स्ट' वाटत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा नियंत्रकाने चक्क मोजून दाखवलं: "वन, टू, थ्री, थर्ड, थर्ड वन." शंका आली, विचारली, मोजून खात्री करून घेतली. त्या संध्याकाळी झालेल्या संवादातला हा सगळ्यात निरोगी भाग. मात्र तिसरा फाटा मागच्या दिशेने वळणारा, ७४७ सारख्या अजस्र विमानाला तिथे वळणं फार अवघड. ढगात तो फाटा मागे पडला आणि विमान चौथ्याकडे निघालं.

सात संदेश

आता एकेक वाक्य जवळून पाहू. टॉवर आणि कॉकपिट, दोन्हीकडची रेकॉर्डिंग्ज मिळाली, त्यामुळे सेकंदांपर्यंतचा हिशेब उपलब्ध आहे.

वळून उभं राहताच केएलएमचे कॅप्टन याकोब फेल्डहायझन फान झान्टेन यांनी थ्रॉटल पुढे सरकवायला सुरुवात केली. सहवैमानिक क्लास म्युर्स यांनी त्यांना थांबवलं, अजून क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, मिळालेला नाही म्हणून. कॅप्टन म्हणाले, ठाऊक आहे, विचार. मग म्युर्स टॉवरला म्हणाले की केएलएम ४८०५ "रेडी फॉर टेक-ऑफ" आहे आणि "वी आर वेटिंग फॉर अवर एटीसी क्लिअरन्स" (एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण).

एका दमात दोन गोष्टी मागितल्या गेल्या. मार्गाची परवानगी म्हणजे उडाल्यावर कुठे वळायचं, किती उंचीवर जायचं, कुठला बीकन, म्हणजे दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र, धरायचा. उड्डाणाची परवानगी म्हणजे आत्ता, या क्षणी, या धावपट्टीवरून निघा. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. नियंत्रकाने दिली ती फक्त पहिली. पण त्याचे शब्द असे: "यू आर क्लिअर्ड टू द पापा बीकन", आणि पुढे, "राइट टर्न आफ्टर टेक-ऑफ".

इंग्रजीच्या शिक्षकाने इथे थांबायला हवं. 'क्लिअर्ड टू' नंतर ठिकाण येतं: अमुक बीकनपर्यंत जायला परवानगी. 'क्लिअर्ड फॉर' नंतर क्रिया येते: उड्डाणाला परवानगी. शब्दयोगी अव्यय बदललं की परवानगीची जातच बदलते. निघायची घाई झालेल्या कानात मात्र 'क्लिअर्ड' हा शब्द गेला आणि थोड्या वेळाने 'टेक-ऑफ' हाही गेला. मधलं अव्यय कोण मोजतं?

म्युर्स यांनी परवानगी परत वाचायला घेतली. ते वाचत असतानाच कॅप्टननी ब्रेक सोडले आणि डच भाषेत म्हणाले, "व्हे खान", म्हणजे निघालो. म्युर्स यांच्यापुढे क्षणभरात पेच उभा राहिला: हातात टॉवरशी चाललेलं अर्धवट वाक्य आणि पायाखालचं विमान सरकायला लागलेलं. वाचून संपवता संपवता त्यांनी जोडलं, "वी आर नाउ ॲट टेक-ऑफ."

टॉवर म्हणाला, "ओके." किंचित थांबून, "स्टँड बाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू." त्याच क्षणी पॅन ॲमच्या कॉकपिटमधून घाईने सांगितलं गेलं की आम्ही अजून धावपट्टीवरच चालतो आहोत. दोन ट्रान्समीटर एकाच फ्रीक्वेन्सीवर एकाच वेळी सुरू झाले की ऐकणाऱ्याला कर्कश शिट्टी येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' नीट पोचलं. 'थांबा' आणि 'आम्ही इथेच आहोत' हे दोन्ही जवळपास ४ सेकंदांच्या शिट्टीखाली दबले.

त्यानंतर टॉवरने पॅन ॲमला धावपट्टी मोकळी झाली की कळवायला सांगितलं, पॅन ॲमने कळवतो म्हणून उत्तर दिलं. हे दोन्ही संदेश स्वच्छ होते. ते केएलएमचे फ्लाइट इंजिनिअर विलेम स्ख्रोयडर यांनी टिपले. त्यांनी विचारलं, तो अजून बाहेर नाही का गेला, तो पॅन अमेरिकन? कॅप्टन ठामपणे म्हणाले, गेलाय. विमान धावतच राहिलं. पॅन ॲमचं विमान दिसलं तेव्हा कॅप्टननी विमान वेळेआधीच वर ओढायचा प्रयत्न केला, शेपूट धावपट्टीवर घासत गेलं. तोपर्यंत उशीर झाला होता. केएलएमच्या विमानातले २४८ जण सगळे गेले. पॅन ॲमच्या ३९६ पैकी ६१ वाचले, त्यांत कॅप्टन व्हिक्टर ग्रब्ज आणि कॉकपिटमधले त्यांचे सहकारी होते.

एका वाक्याची दोन घरं

"वी आर नाउ ॲट टेक-ऑफ." हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात चूक म्हणून सहसा सापडणार नाही. पण ते इंग्रजी कानाला विचित्र लागतं, आणि त्या विचित्रपणाला कारण आहे.

'टेक ऑफ' क्रियापद असताना ते दोन सुटे शब्द असतात आणि काळ-पुरुषाप्रमाणे बदलतात: टेक्स ऑफ, टुक ऑफ, इज टेकिंग ऑफ. कोण उडतंय आणि कधी, हे त्या रूपातच कळतं. त्याचं नाम झालं, मधे जोडरेघ आली, की 'टेक-ऑफ' ही एक वस्तू होते. तिला काळ नाही, कर्ता नाही. ती वस्तू वाक्यात बसवायला मग एखादं अव्यय लागतं, आणि वाक्याचा सगळा भार त्या अव्ययावर येतो. 'ॲट' हे मुख्यतः जागेचं आणि वेळेचं अव्यय. ॲट द गेट, ॲट द डोअर, ॲट नून. म्हणून स्पॅनिशभाषक नियंत्रकाला 'ॲट टेक-ऑफ' म्हणजे उड्डाणाच्या जागी येऊन उभे आहोत, असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. त्याचं 'ओके' हे 'बरं, पोचलात, आता थांबा' अशा धर्तीचं होतं. तो पुढे 'थांबा' म्हणालाही.

डच बोलणाऱ्याला मात्र तेच वाक्य वेगळं वाटतं. डचमध्ये चालू क्रिया सांगण्याची एक रोजची रीत आहे, 'आन हेत' आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. शब्द सुटे करून पाहिले तर तिथेही 'ॲट' सारखंच अव्यय बसलेलं आहे, पण अर्थ 'करतो आहोत' असा. भाषा अभ्यासकांनी म्युर्स यांच्या वाक्याचा उलगडा याच दिशेने केला आहे: शब्द इंग्रजी, बांधणी डच. म्हणायचं होतं 'उडतो आहोत', ऐकलं गेलं 'उड्डाणाच्या जागी आहोत'.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टेपवरचे ते शब्द इतके घाईत आहेत की काहींना ते 'ॲट टेक-ऑफ' ऐवजी 'अं... टेकिंग ऑफ' असेही ऐकू येतात. तसं असेल तर वाक्य बरोबर होतं आणि उच्चार कमी पडला. माझ्या दृष्टीने त्याने निष्कर्ष बदलत नाही. ज्या वाक्यावर जीव अवलंबून आहेत त्याची दोन रूपं घाईत सारखी ऐकू येत असतील, तर ते वाक्य त्या जागी वापरायच्या लायकीचं नाही.

मराठी वाचकाला हा घोटाळा परका वाटू नये. फोनवर आपण "निघालो" म्हणतो ते कित्येकदा चप्पल शोधत असताना. भूतकाळाचं रूप वापरून आपण 'आता निघतोच' असं म्हणत असतो आणि घरच्यांनाही ते कळतं, कारण त्यांना आपण ठाऊक असतो. टॉवरमधला माणूस आपल्याला ओळखत नसतो.

पण मराठीतून इंग्रजीत जाताना खरा सापळा याहून खोल आहे, आणि वर्गात मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मराठी इंग्रजी क्रियापद उसनं घेते तेव्हा त्याचं आधी नाम करते आणि मग 'करणे', 'होणे', 'घेणे' जोडते. विमानाने टेक-ऑफ घेतला. चेक-इन केलं. लॉग-आउट झालो. सामान पिक-अप करून ड्रॉप-ऑफ केलं. मराठीत हे अगदी सोयीचं आहे, त्यात वावगं काही नाही. अडचण परतीच्या प्रवासात येते. इंग्रजी बोलताना आपल्या डोक्यात फ्रेझल व्हर्ब नाम म्हणूनच पक्का बसलेला असतो. मग 'द प्लेन डिड टेक-ऑफ ॲट फाइव्ह', 'द प्लेन वॉज टेकन ऑफ ॲट फाइव्ह', 'वी आर ऑन टेक-ऑफ' अशी वाक्यं निघतात. पहिल्यात नामाला 'डिड' चिकटलं. दुसऱ्यात कर्मणी प्रयोग शिरला, आणि त्याचा इंग्रजी अर्थ होतो 'विमान सेवेतून काढण्यात आलं'. तिसरं तर म्युर्स यांच्या वाक्याचं सख्खं भावंड. त्या आसनावर मराठी माणूस बसला असता तर तोही वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचला असता, असं मला वाटतं.

दोष शब्दाचा किती

एवढं सगळं लिहिलं म्हणून शब्दांनीच विमानं आदळवली, असं म्हणणं खोटं ठरेल. स्पेनच्या तपास अहवालाने मूळ कारण स्पष्ट शब्दांत लिहिलं: कॅप्टननी परवानगी नसताना उड्डाण सुरू केलं. डच बाजूने त्यावर आपली टिप्पणी जोडली आणि दोन्ही बाजूंच्या गैरसमजावर जास्त भर दिला. डच वैमानिकांच्या कामाच्या तासांवर नव्याने कडक मर्यादा आल्या होत्या. उशीर झाला असता तर प्रवाशांसह बेटावर अडकावं लागलं असतं. कॅप्टन केएलएमच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते, त्यांचा बराच काळ सिम्युलेटरमध्ये जायचा, जिथे परवानगी देणारा प्रशिक्षक स्वतःच असतो. म्युर्स यांनी त्यांना एकदा थांबवलं होतं. दुसऱ्यांदा थांबवणं त्यांना जमलं नाही. स्ख्रोयडर यांनी प्रश्न विचारला, पण प्रश्नाच्या स्वरात. या अपघातानंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, कनिष्ठाने वरिष्ठाला कसं अडवावं, याचं प्रशिक्षण सुरू केलं. आज ते सगळीकडे सक्तीचं आहे.

तरीही शब्दाचा वाटा वेगळा काढून बघावा लागतो. म्युर्स यांनी शेवटचं वाक्य जोडलंच कशाला? ते टॉवरला सावध करू पाहत होते, असं मला वाटतं. विमान निघालंय, तुम्हाला चालत नसेल तर बोला. तेच सांगायचा त्यांचा मार्ग ते वाक्य होतं. "वी आर टेकिंग ऑफ" असं खणखणीत गेलं असतं, तर नियंत्रकाला दचकायला अर्धं मिनिट होतं.

उपाय: शब्दालाच कुलूप

उपाय म्हणून सगळ्या जगाला चांगलं इंग्रजी शिकवायचं असं ठरलं असतं, तर ते कधीच संपलं नसतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिच्या नियमांत आज जे दिसतं ते जास्त शहाणपणाचं आहे. 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त दोन जागी उच्चारायचा: उड्डाणाची परवानगी देताना आणि ती रद्द करताना. वैमानिकानेही तो त्या परवानगीच्या वाचनातच उच्चारायचा. एरवी सगळीकडे 'डिपार्चर'. वैमानिक तयार असेल तर "रेडी फॉर डिपार्चर". मार्गाच्या परवानगीत 'आफ्टर टेक-ऑफ' च्या जागी 'आफ्टर डिपार्चर'. धावपट्टीवर येऊन थांबायचं असेल तर "लाइन अप अँड वेट". अमेरिकेत याच अर्थाने पूर्वी 'पोझिशन अँड होल्ड' म्हणायचे, २०१० मध्ये त्यांनीही 'लाइन अप अँड वेट' स्वीकारलं.

त्या संध्याकाळचे संदेश या नियमाने पुन्हा लिहून पाहा. म्युर्स म्हणतात, "रेडी फॉर डिपार्चर." टॉवर मार्ग सांगतो, त्यात 'टेक-ऑफ' कुठेच नाही. वाचून दाखवताना म्युर्स यांनाही तो शब्द वापरता येत नाही. कॅप्टनच्या कानावर तो शब्द एकदाही पडलेला नाही. 'स्टँड बाय फॉर टेक-ऑफ' हेही जातं, कारण शिट्टीत 'स्टँड बाय' बुडून फक्त 'टेक-ऑफ' उरला तर थांब म्हणणारं वाक्य जा म्हणू लागतं. आणि नुसतं 'ओके' म्हणून मोकळं होणंही संपलं. धावपट्टीचा क्रमांक आणि परवानगी, दोन्ही वैमानिकाने शब्दशः परत वाचायची आणि नियंत्रकाने ऐकून तपासायची.

विमानाच्या रेडिओवर फ्रेझल व्हर्बची कमतरता नाही. 'गो अराउंड' म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा. एरवीच्या इंग्रजीत तो वळसा घालणं, सगळ्यांना पुरणं, अफवा पसरणं असे बरेच अर्थ वागवतो. 'पुल अप' कॉकपिटमधलं यंत्र ओरडतं तेव्हा नाक वर घ्या, आणि रस्त्यावर गाडी 'पुल्स अप' तेव्हा ती थांबते. 'स्टँड बाय' म्हणजे थांबा, होकार नाही. प्रत्येकाला तिथे एकच अर्थ बांधून दिलेला आहे. फ्रेझल व्हर्बचे अर्थ अनेक असतात ही त्याची ताकद, आणि जिथे ती ताकद धोक्याची ठरते तिथे ती मुद्दाम काढून घेतली आहे.

छोट्या अव्ययांचा प्रश्न मात्र यानंतरही पुन्हा आला. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू ७४७ ला "डिसेंड टू फोर झिरो झिरो" असं सांगण्यात आलं. नियंत्रकाचा 'टू' हा आकडा होता, २,४०० फूट. कॉकपिटने तो अव्यय म्हणून ऐकला, ४०० फुटांपर्यंत. त्यांनी परत वाचलंही ४००, कुणी दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले.

भारताचा या विषयाशी थेट संबंध १२ नोव्हेंबर १९९६ चा. हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदीचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळलं आणि ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचं होतं, ते त्याखाली उतरलं. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत त्या विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या कच्च्या इंग्रजीचा प्रश्न पुढे आला. पुढे आयकाओने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीची सहा पायऱ्यांची पट्टी ठरवली, २००८ पासून आंतरराष्ट्रीय कामासाठी किमान चौथी पायरी लागू झाली. या पट्टीत एक गोष्ट मला फार पटते: तिथे फक्त व्याकरण तपासत नाहीत, समजलं नाही तर तुम्ही विचारता का, खात्री करून घेता का, हेही तपासतात. पॅन ॲमच्या 'फर्स्ट की थर्ड' सारखं.

मराठी विद्यार्थ्याच्या वहीत

बारामती, गोंदिया, धुळे इथल्या वैमानिक प्रशिक्षणाकडे आता मराठी माध्यमातली मुलंही वळतात. रेडिओ परवान्याची परीक्षा देताना ठरलेली वाक्यं पाठ करावीच लागतात आणि ती करावीत. पण विमानात न बसणाऱ्यालाही 'टेक ऑफ' नीट यायला हवं, म्हणून यादीतल्या अर्थापुढे मी वहीत काय लिहून घेतो ते इथे देतो.

विमानाचा 'टेक ऑफ' अकर्मक आहे. त्याला कर्म नाही, म्हणून त्याचा कर्मणी प्रयोगही नाही. 'अवर फ्लाइट टुक ऑफ ॲट फाइव्ह' एवढं पुरे. कपड्यांचा, बुटांचा 'टेक ऑफ' सकर्मक, आणि तिथे कर्म मधे घालता येतं: 'टेक ऑफ युअर शूज' किंवा 'टेक युअर शूज ऑफ'. सर्वनाम आलं की ते मधेच बसलं पाहिजे, 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' म्हणायचं नाही. 'आय टुक टू डेज ऑफ' मध्ये सुट्टी घेतली. 'हर बिझनेस टुक ऑफ' मध्ये धंद्याने जोर धरला. 'ही टुक ऑफ' म्हणजे तो अचानक निघून गेला. नाम हवं तेव्हा जोडरेघ घालून किंवा एकत्र लिहा, क्रियापद हवं तेव्हा सुटं. 'टेक-ऑफ्ड' असं रूप नाही, भूतकाळ 'टेक' चा होतो, 'ऑफ' चा नाही.

हे झालं की मराठीतली चार वाक्यं देतो आणि अट घालतो की इंग्रजीत नाम वापरायचं नाही, क्रियापदच वापरायचं, काळासकट. विमानाने टेक-ऑफ घेतला. आम्ही चेक-इन केलं. तो लॉग-आउट झालाय. मी तुला स्टेशनवरून पिक-अप करतोय. सगळ्यात जास्त वेळ शेवटचं वाक्य खातं. 'पिकिंग यू अप' म्हणताना 'यू' मधे घालावा लागतो, आणि 'करतोय' म्हणजे आत्ता की उद्या, हे बोलणाऱ्यालाच आधी ठरवावं लागतं.